ग्रंथपालन : एक उपेक्षित व्यवसाय
(देवस्थानाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



श्रींच्या सभामंडपात उभे राहून बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी समितीचा ऋणी आहे. अशा समारंभात ‘पुढे कोण होणार?’ असा प्रश्न विचारला की डॉक्टर, अभियंता, सनदी लेखापाल अशी उत्तरे येतात. ‘ग्रंथपाल होणार’ असे उत्तर मी आजवर ऐकलेले नाही. मी स्वतः जेव्हा ते घरी दिले, तेव्हा माझ्या वडिलांनी एवढेच विचारले, ‘‘कपाटातले पुस्तक काढून हातात देण्यासाठी पदवी कशाला लागते रे?’’ त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. सारा जन्म ग्रंथालयात घालवल्यावर आज ते देता येते, पण ऐकायला वडील नाहीत. म्हणून ते तुम्हांला सांगतो.

या स्मरणिकेच्या तयारीसाठी समितीने देवस्थानातील जुनी पेटी उघडून पाहण्याचे काम माझ्याकडे सोपवले होते. पेटीत मोडी लिपीतील जमाखर्चाच्या वह्या होत्या, पोर्तुगीज अमदानीतील कागद होते, महाजनांच्या जुन्या याद्या होत्या. वरचे कागद शाबूत होते. तळाचे गाठोडे मात्र हात लावताच भुग्यासारखे सुटले. वाळवीने आपले काम चोख केले होते. त्याच गाठोड्यात सेवांची मूळ नोंद असावी, असे वृद्ध मंडळी सांगतात. पालखीची सेवा कोणत्या साली सुरू झाली, हे आता कोणालाही खात्रीने सांगता येणार नाही. या स्मरणिकेत त्या सेवेपुढे साल छापलेले नाही, त्याचे कारण हे आहे. यात दोष कोणा एकाचा नाही. पेटीला कुलूप होते, किल्ली जपून ठेवलेली होती. पण आत काय आहे याची सूची नव्हती. सूची असती, तर त्या गाठोड्याचे मोल कळले असते आणि कोणीतरी ते वेळीच वर काढले असते.

ग्रंथपालाचे काम नेमके येथे सुरू होते. वस्तू सांभाळणे हा त्याचा अर्धाच भाग. ती हवी तेव्हा, हवी त्याला सापडेल अशी मांडून ठेवणे हा उरलेला आणि अवघड भाग. त्यासाठी शास्त्र लागते. अमेरिकेतील मेल्व्हिल ड्यूई यांनी १८७६ साली सर्व ज्ञानाची दहा वर्गांत विभागणी करून प्रत्येक विषयाला दशांश पद्धतीने अंक दिले. आपल्या देशात या शास्त्राचा पाया घातला तो डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि सुरुवातीस त्या शांततेला इतके कंटाळले, की पुन्हा अध्यापनाकडे परतण्याची त्यांची तयारी होती. प्रशिक्षणासाठी ते लंडनला गेले. तेथे एका दुकानात त्यांनी सुट्या पट्ट्या जोडून निरनिराळ्या वस्तू बनवण्याचे खेळणे पाहिले आणि विषयाचेही असे सुटे घटक करून ते जोडता येतील, ही कल्पना त्यांना सुचली. त्यातून १९३३ साली त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. त्याआधी, १९३१ साली, त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली होती. ग्रंथ वापरासाठी असतात, हे त्यांतील पहिले. कुलूपबंद पेटीला ते सूत्र किती लागू पडते, हे मी वेगळे सांगायला नको.

मराठी माणसाने या क्षेत्रात परके वाटून घेण्याचे कारण नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली राज्यभर सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले. आणि शिकलेला माणूस पुस्तकावाचून पुन्हा निरक्षर होऊ नये म्हणून १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालास पाचारण केले. १९११ साली बडोद्यात ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग सुरू झाला आणि पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेडोपाडी पोहोचल्या. शंकर गणेश दाते यांची १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची प्रसिद्ध झाली. अभ्यासकांना आजही तिच्याकडे वळावे लागते. आपल्या पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय तर १८३२ सालचे. आज ते कृष्णदास शामा यांचे नाव धारण करून पाटो येथे उभे आहे. ते पाहिले नसेल, तर एकदा अवश्य पाहा.

आता व्यवहाराचे बोलतो. कोणत्याही शाखेची पदवी घेतल्यावर ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदवी एका वर्षात मिळवता येते; त्यापुढे पदव्युत्तर पदवी आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून हे शिक्षण घरी राहूनही घेता येते. महाविद्यालयात ग्रंथपाल व्हायचे असल्यास ‘नेट’सारखी पात्रता परीक्षा असते. शाळा-महाविद्यालयांखेरीज संशोधन संस्था, वृत्तपत्रांचे संदर्भ विभाग, न्यायालये आणि अभिलेखागारे येथेही या विद्येची गरज असते. संगणकामुळे हे काम संपले, असे समजू नका. संगणक क्षणात हजार उत्तरे पुढे टाकतो. त्यांतील विश्वासार्ह कोणते, हे पारखणारा माणूस अधिकच हवा झाला आहे.

अडचणी लपवणे योग्य नव्हे. जागा थोड्या असतात, कित्येकदा भरल्याही जात नाहीत आणि समाजात या व्यवसायाला मानाचे पान क्वचितच मिळते. ज्याला त्वरित धनप्राप्ती हवी, त्याने दुसरी वाट धरावी. पण ज्याला नीटनेटकेपणाची आवड आहे, कुतूहल आहे आणि दुसऱ्याला हवे ते सापडवून देण्यात आनंद आहे, त्याने या वाटेचा विचार जरूर करावा.

शेवटी एक विनंती. त्या पेटीतील उरलेल्या कागदांची सूची अद्याप व्हायची आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टीत तुमच्यापैकी दोघे-तिघे आलात, तर मी रोज सकाळी तुमच्याबरोबर बसेन. कागद कसा उचलावा, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी का लावू नये, नोंद कशी करावी, हे सारे शिकवीन. तुम्ही पुढे कोणीही व्हा. निदान आपल्या देवस्थानाची पुढची स्मरणिका काढणाऱ्यांना साल मोकळे सोडावे लागणार नाही.