फॅविपिराविर : आशा, कसोटी आणि विवेक



मुरगाव बंदराच्या कुशीत वसलेल्या वास्को नगरीने २०२० सालचे संकट फार जवळून पाहिले. त्या वर्षी मार्चमध्ये गोव्यात कोरोनाचे पहिले रुग्ण आढळले आणि एप्रिलमध्ये ते सर्व बरे झाले. परंतु जूनच्या आरंभी वास्कोतील मांगोर हिल ही दाट वस्ती राज्यातील पहिले प्रतिबंधित क्षेत्र ठरली. त्याच महिन्याच्या १९ तारखेस भारताच्या औषध महानियंत्रकांनी फॅविपिराविर या गोळ्यांना, सौम्य व मध्यम आजाराच्या रुग्णांसाठी, आणीबाणीपुरती मर्यादित अनुमती दिली. भयग्रस्त जनतेला त्यामुळे दिलासा वाटला, हे स्वाभाविकच होय.

हे औषध जपानच्या तोयामा केमिकल कंपनीने शोधले. २०१४ साली जपानने त्यास मान्यता दिली, ती मात्र अन्य औषधे निष्प्रभ ठरतील अशा नव्या इन्फ्लुएंझाच्या साथीपुरती.

इन्फ्लुएंझा आणि कोरोना यांचे विषाणू आर.एन.ए. वर्गातील आहेत. असा विषाणू पेशीत शिरून स्वतःच्या असंख्य नकला काढतो. हे काम पॉलिमरेज नावाचे विकर करते. फॅविपिराविर पेशीत गेल्यावर आर.एन.ए.च्या घटकासारखे रूप धारण करते आणि विकर त्यास खरा घटक समजून साखळीत गुंफते. कचेरीत दस्ताची नक्कल करणाऱ्याच्या हातून मूळ अक्षराऐवजी तसेच दिसणारे भलतेच अक्षर उतरावे आणि सारा दस्त निरुपयोगी व्हावा, तसा हा प्रकार आहे. जिवाणूंवरील प्रतिजैविके या कामी उपयोगी पडत नाहीत.

तत्त्व सुंदर असले तरी औषधाची खरी परीक्षा रुग्णशय्येपाशी होते. भारतात १५० रुग्णांवर चाचणी झाली. विषाणू नाहीसा होण्यास औषध घेणाऱ्यांना मध्यमानाने ५ दिवस, तर न घेणाऱ्यांना ७ दिवस लागले. परंतु संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक निर्णायक ठरला नाही. परदेशांतील पुढील चाचण्यांतूनही या औषधाने मोठी आशा पुरी केली नाही.

खर्चाचा विचारही आवश्यक आहे. आरंभी २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीची किंमत १०३ रुपये होती. पहिल्या दिवशी १८ आणि पुढे रोज ८ याप्रमाणे चौदा दिवसांच्या १२२ गोळ्यांना १२,५६६ रुपये लागत. पुढे किंमत उतरली. तरीही रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबास हा भार लहान नव्हता.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, हे औषध गर्भास अपाय करू शकते. म्हणून गर्भवती स्त्रियांस ते वर्ज्य आहे आणि पुरुषांनीही या बाबतीत वैद्यकीय सूचना पाळावयाच्या असतात. त्याने रक्तातील यूरिक आम्लही वाढते. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेणे किंवा दुकानातून परस्पर औषध आणणे म्हणूनच धोक्याचे आहे.

डेंग्यू आणि सत्तरी तालुक्यात आढळलेला माकडताप हेही आर.एन.ए. विषाणूंचेच रोग होत. त्यांच्यावर आजही खात्रीचे विषाणुरोधक औषध नाही. तेथे साचलेले पाणी काढणे, रानात जाताना गोचिडांपासून जपणे आणि ताप येताच आरोग्यकेंद्र गाठणे हेच हिताचे आहे.

नवे औषध येईल तेव्हा शिक्षकांनी, पंचांनी आणि अधिकाऱ्यांनी लोकांना तीन प्रश्न विचारावयास शिकवावे: ते कोणासाठी आहे, त्याची कसोटी झाली आहे काय, आणि त्यापासून कोणास धोका आहे? एवढी दक्षता समाजाने बाळगली, तर भय आणि भाबडेपणा या दोहोंपासून त्याचे रक्षण होईल.