साथीचा नकाशा आणि समाजाचा विश्वास



साथ आली की प्रथम डोळ्यांसमोर येते ती मृतांची संख्या. परंतु नुसत्या संख्येने साथीची वाट कळत नाही. रोगी कोठे सापडला आणि तो कोणत्या दिवशी आजारी पडला, या दोन प्रश्नांची उत्तरे एकत्र मांडली म्हणजेच ती वाट दिसू लागते. साथीच्या नकाशाचे सारे शास्त्र या दोन प्रश्नांवर उभे आहे.

१८५४ च्या ऑगस्टअखेरीस लंडनच्या सोहो भागात पटकीचा उद्रेक झाला. दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. दूषित हवेने पटकी होते, असे त्या काळी बहुतेक विद्वान मानीत. डॉ. जॉन स्नो यांचा संशय मात्र पाण्यावर होता. त्यांनी प्रत्येक मृत्यूची खूण नकाशावर त्या त्या घरापाशी केली. खुणांची दाटी ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपाभोवती आढळली. त्यांनी अपवादही तपासले. शेजारच्या बिअरच्या कारखान्यातील कामगार वाचले होते, कारण ते त्या पंपाचे पाणी पीतच नव्हते. उलट दूरच्या हॅम्पस्टेडमधील एक विधवा दगावली होती. ती याच पंपाचे पाणी मुद्दाम मागवीत असे. ८ सप्टेंबर रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला.

तरीही पंपाचे पाणी बिघडले कशाने, हे नकाशा सांगत नव्हता. ते शोधले हेन्री व्हाइटहेड या स्थानिक पाद्र्याने. प्रारंभी त्याला स्नो यांचे म्हणणे मान्य नव्हते. परंतु वस्तीतील कुटुंबे त्याच्या परिचयाची होती, घराघरांत त्याला प्रवेश होता. तो पुन:पुन्हा गेला आणि तारखा विचारीत राहिला. पंपासमोरच्या घरातील एक तान्हे मूल उद्रेकापूर्वीच आजारी पडले होते आणि त्याच्या दुपट्यांचे पाणी विहिरीलगतच्या मैलाकुंडीत ओतले जात होते, हे त्यातून उघड झाले. स्नो यांनी स्थळ दाखविले, व्हाइटहेड यांनी काळ दाखविला.

याउलट धडा पुण्याने दिला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात ओळखला गेलेला प्लेग लवकरच पुण्यास पोहोचला. १८९७ साली साथरोगांचा कायदा झाला आणि रँडसाहेबाच्या अधिकाराखाली गोरे शिपाई घरझडतीस निघाले. ते स्वयंपाकघरांत व देवघरांत शिरतात, अशा तक्रारी झाल्या. लोकांनी भयाने रोगी लपविले, मृत्यूही लपविले. संतापाची परिणती २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंच्या हातून रँडवर झालेल्या हल्ल्यात झाली. कोरी राहिलेली आळी निरोगी आहे की भयभीत आहे, हे नकाशाला कळत नाही.

उंदीर पडू लागले की घर सोडावे, हे सामान्य लोकांना अनुभवाने ठाऊक होते. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत उंदरावरील पिसवांचा प्लेगशी असलेला संबंध दाखविला. ज्या लोकांना साथीची पहिली खूण माहीत होती, त्यांच्याशी बोलण्याऐवजी त्यांची झडती घेतली गेली.

त्याच पुण्यात लोकमान्य टिळकांनी शहर न सोडता हिंदू प्लेग रुग्णालय उभारले. सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करताना प्लेगनेच १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. शिपायासाठी बंद होणारी दारे अशा माणसांसाठी उघडत.

२०२० च्या कोरोनाकाळात नकाशे संगणकावर क्षणात तयार होत होते. तरी घरावर शिक्का बसेल, शेजारी तोंड फिरवतील, या धास्तीने कित्येकांनी ताप लपविला. यंत्र कितीही वेगवान असो, पहिली नोंद दारात उभ्या राहणाऱ्या आशा सेविकेच्या किंवा स्वयंसेवकाच्या वहीतच होते. त्याने रोग्याचे नाव चव्हाट्यावर आणू नये, घराला औषध व शिधा पोहोचवावा आणि मग तारीख विचारावी. त्या दारात मिळालेले उत्तर खरे असेल, तरच नकाशा खरा ठरतो.