मिनेट डी सिल्व्हा : रहिवाशांना विचारून घरे बांधणारी वास्तुविशारद



मिनेट डी सिल्व्हा यांचा जन्म १९१८ साली श्रीलंकेत कँडी येथे झाला. वास्तुकला शिकायला त्या आपल्या मुंबईत आल्या. १९४२ च्या आंदोलनात भाग घेतला, माफी मागायला नकार दिला, म्हणून त्यांचे शिक्षण येथे तुटले. ते त्यांनी लंडनला पूर्ण केले. १९४८ साली ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेच्या सदस्य होणाऱ्या त्या पहिल्या आशियाई स्त्री.

१९५० साली बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला गेले, त्याच सुमारास कँडीत मिनेटबाईंचे पहिले घर, करुणारत्ने हाऊस, उभे राहत होते. बांधकाम नव्या पद्धतीचे, पण आत दुंबरा चटईचे विणकाम वापरलेले. ही चटई परंपरेने विणणारी किन्नरा जात तेथे अगदी खालची मानली गेली. (बौद्ध देशातही जात शिल्लक राहिली, हे आपण विसरू नये.) वारसा म्हणजे केवळ राजवाडे आणि विहार नव्हेत, कारागिराच्या हातातले कसबही वारसाच, असे बाईंचे काम सांगते. ते कसब काचेच्या कपाटात न ठेवता त्यांनी राहत्या घरात आणले, हे मला फार मोलाचे वाटते.

पुढे कँडीजवळ वाटापुलुवा येथे सरकारी नोकरांची दोनशेहून अधिक घरांची वसाहत १९५८ पर्यंत उभी राहिली. माणसे वेगवेगळ्या समाजांची आणि वेगवेगळ्या उत्पन्नाची. आधी बाईंनी प्रश्नावल्या भरून घेतल्या, बैठका घेतल्या, मग नकाशे काढले. उतारावरची झाडे आणि जमिनीचा चढउतार सांभाळून घरांचे मोजके नमुने बसवले.

१९८८ साली कँडी शहर जागतिक वारसा यादीत गेले. बाईंचे तेथील राहते घर मात्र १९९८ साली त्यांच्या निधनानंतर मोडकळीस आले.

बंधूंनो, चाळीच्या पुनर्विकासात आपल्याकडे संमतीपत्रावर सही मागतात. स्वयंपाकघर कोठे हवे, म्हातारी माणसे संध्याकाळी कोठे बसतील, बुद्धवंदनेला जागा किती लागेल, हे कोणी विचारीत नाही. आपल्या विद्यार्थ्यांनी वह्या घेऊन घरोघर जावे, गृहिणींना आधी विचारावे आणि ती उत्तरे सहीच्या अगोदर समितीपुढे ठेवावीत, अशी माझी सूचना आहे. प्रश्न तयार करायला मी रविवारी बसायला तयार आहे.

जयभीम!