शितावरून सुशीची परीक्षा

बंगळूरच्या पूर्वेकडील इंदिरानगर ही मुळात शांत बंगल्यांची वसाहत होय. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० साली या शहरात विमानांचा कारखाना काढला. पुढे तो एच.ए.एल. या नावाने प्रसिद्धी पावला आणि 'एच.ए.एल. दुसरा टप्पा' हे शब्द इंदिरानगरच्या पत्त्यांत आजही लिहिले जातात. आता मात्र तेथील शंभर फुटी रस्त्यावर आणि बाराव्या मेन रस्त्यावर बंगल्यांच्या जागी उपाहारगृहे थाटली गेली आहेत आणि त्यांच्या पदार्थांच्या यादीत 'सुशी' हे जपानी नाव सहज आढळते. १९९७ साली टोयोटा आणि किर्लोस्कर यांची मोटारींची संयुक्त कंपनी स्थापन होऊन बंगळूरजवळ बिडदी येथे तिचा कारखाना निघाला. अशा उद्योगांबरोबर जपानी कुटुंबे या शहरात राहावयास आली आणि त्यांच्यामागोमाग त्यांचे अन्नही आले.

अशा इंदिरानगरात नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या एखाद्या मराठी खवय्याची कल्पना करावी. टोकियोतील जिरो ओनो या वृद्ध सुशीकाराच्या अवघ्या दहा आसनांच्या दुकानावर २०११ साली निघालेला बोलपट त्याने पाहिला आहे, आणि तशा तोलाची सुशी या गावात मिळेल काय, या ध्यासाने तो दारोदार हिंडू लागला आहे. त्याचा पहिला प्रश्न माशाचा असतो. ते स्वाभाविकच आहे. पश्चिमेस मंगळूर आणि पूर्वेस चेन्नई, दोन्हीकडचा समुद्र येथून सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर! परंतु थोडी चौकशी करताच त्याला कळते की, गोठवलेला मासा म्हणजे हलका मासा, ही समजूत येथे लागू पडत नाही. कच्च्या खावयाच्या माशांतील कृमी मरावेत म्हणून तो मासा उणे २० अंशांवर सात दिवस ठेवण्याची रीतच आहे. मासा थंडीत नीट सांभाळला, तर दूरचा प्रवास सोसतो. हा प्रवास ज्याला मुळीच सोसत नाही, तो म्हणजे भात.

सुशी या शब्दाचा संबंध 'आंबट' या अर्थाच्या जुन्या जपानी शब्दाशी आहे. पूर्वी मीठ लावलेला मासा शिजवलेल्या भातात महिनोन् महिने दाबून ठेवीत. भात आंबे, मासा टिके आणि खाताना भात बहुधा टाकून देत. बिवा सरोवराच्या काठी ही जुनी रीत अद्याप टिकून आहे. पुढे आंबण्याची वाट न पाहता भातात शिर्का घालण्याची युक्ती निघाली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो, म्हणजे आजचे टोकियो, येथे हातावर दाबलेल्या भाताच्या लहान मुदीवर माशाचा काप ठेवून विकू लागले. जो भात टाकून देत असत, तोच आता पदार्थाचा पाया झाला.

मराठी घरात पुलावाचे शीत मोकळे असावे लागते आणि मोदकाची उकड एकजीव व्हावी लागते. सुशीच्या भाताला हे दोन्ही गुण एकाच वेळी हवे असतात. मूद बोटांत धरली असता फुटू नये आणि जिभेवर ठेवताच तिचे शीत न् शीत सुटे व्हावे. त्यासाठी आखूड दाण्याचा, चिकट तांदूळ लागतो. आंबेमोहर आणि इंद्रायणी ज्यांनी खाल्ले आहेत, त्यांना चिकटपणाचा हा गुण परका नाही. शिजलेला भात लाकडी पसरट पात्रात काढून त्यात शिर्का, मीठ आणि साखर हलक्या हाताने मिसळतात, वर पंख्याने वारा घालतात आणि तो अंगाइतका कोमट असतानाच वापरतात. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून उंच असल्यामुळे तेथे पाणी सुमारे ९७ अंशांवरच उकळते. तेव्हा टोकियोचे प्रमाण येथे जसेच्या तसे चालत नाही. पाणी किती आणि वेळ किती, हे सुशीकाराला येथेच ठरवावे लागते.

हे उमगल्यावर आपल्या खवय्याची रीत पालटते. महागड्या माशाऐवजी तो प्रथम काकडीची साधी गुंडाळी मागवितो. वाळवलेल्या भोपळ्याच्या पट्ट्या घातलेली गुंडाळीही जपानात जुनीच आहे, म्हणून शाकाहारी माणसालाही ही परीक्षा घेता येते. तिथे भाताचे दोष झाकावयास माशाची चरबी नसते. शीतकपाटात ठेवलेला भात टणक होतो, हे दाताखाली तत्काळ कळते. तिखट चटण्यांचे थर ज्या सुशीवर ओतलेले असतात, तिच्या भाताविषयी त्याला शंका येऊ लागते. शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण आपल्या आजीने सुशीसाठीच रचली होती की काय, असे त्याला वाटू लागते.

या शोधात खाणाऱ्यावरही एक जबाबदारी येते. घरपोच मागविलेली सुशी शंभर फुटी रस्त्याच्या गर्दीत अर्धा तास अडकली, तर दोष सुशीकाराचा म्हणता येणार नाही. फळीपलीकडे उभ्या असलेल्या त्या माणसाने मूद पुढे ठेवली की गप्पा थांबवाव्यात, सोयाचे पाणी भाताला न लावता माशाच्या बाजूस लावावे आणि लगेच एका घासात ती खावी. उत्कृष्ट सुशीचे आयुष्य दोन-चार मिनिटांचे असते. तेवढ्या वेळात खवय्या तेथे हजर आणि सावध असला, तर समुद्रापासून साडेतीनशे किलोमीटरांवरील इंदिरानगरातही त्याचा शोध सफळ होऊ शकतो.