अपयशाची दखल



 प्रोग्रामिंग व्यावसायिकांच्या या परिषदेच्या अध्यक्षाने व्यवसायाच्या साऱ्या अंगोपांगांचा परामर्श घ्यावा असा प्रघात आहे. परंतु आज मी एकाच प्रश्नाचा ऊहापोह करणार आहे, आणि तो असा की, सोपविलेले काम फंक्शनला पार पाडता आले नाही, तर ते त्याने कोणत्या रूपाने कळवावे.

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून एरियान-५ हे रॉकेट प्रथमच झेपावले, आणि उड्डाणक्रम सुरू झाल्यापासून अवघ्या चाळीसएक सेकंदांत चार उपग्रहांसह नष्ट झाले. चौकशी समितीने दिलेला तपशील सर्वांनी मुळातून वाचावा असा आहे. आडव्या वेगाशी निगडित असलेली ६४ बिटांची एक फ्लोटिंग पॉइंट संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात मावली नाही. त्यातून उद्भवलेल्या एक्सेप्शनची दखल घेणारे कोणी नव्हते. आणि एकच प्रोग्राम चालविणारे दिशादर्शक संगणक, आधी राखीव आणि लगोलग मुख्य, एकाच कारणाने बंद पडले. पण खरा अनर्थ यापुढचा आहे. बंद पडताना त्या यंत्रणेने निदानासाठी जे बिट पाठविले, तेच उड्डाण-संगणकाने रॉकेटच्या स्थितीचे अस्सल आकडे म्हणून स्वीकारले आणि त्यांच्या हुकुमाने नॉझल पुरत्या वळविल्या. अपयशाची वार्ता पोहोचली होती. मात्र ती यशाच्याच मार्गाने आणि यशाच्याच वेषात पोहोचल्यामुळे तिला ओळखणारे कोणी उरले नाही.

हा दोष आपल्या नित्याच्या कामातही आहे. सी भाषेतील ‘एटूआय’ या फंक्शनला ‘०’ हा मजकूर दिला तर ते शून्य परत करते, आणि ‘अबक’ दिला तरी शून्यच. मग शिल्लक खरोखर शून्य आहे की अर्जातील रकानाच चुकीचा भरला आहे, हे पुढच्या ओळीने कशावरून ठरवावे? एक्सेप्शनने या संदिग्धतेवर उपाय केला खरा, परंतु बहुतेक भाषांत तो फंक्शनच्या करारात नमूद नसतो, आणि जावाने तो नमूद करण्याची सक्ती केली तेव्हा अनेकांनी रिकामा कॅच-ब्लॉक लिहून ती सक्ती निकामी केली.

एमएल आणि हॅस्केल या भाषांच्या परंपरेत रुजलेला, आणि २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या रस्टने सर्वतोमुखी केलेला मार्ग निराळा आहे. रस्टमध्ये मजकुरातून संख्या वाचणारे फंक्शन नुसती संख्या देत नाही, तर ‘रिझल्ट’ देते: त्यात ‘ओके’ असेल तर संख्या, ‘एर’ असेल तर कारण. कचेरीने अर्ज नामंजूर करताना त्यावर सकारण शेरा मारून तो परत करावा, तसाच हा व्यवहार आहे. दोन्ही शक्यतांची विल्हेवाट लावल्यावाचून आतील संख्या हाती लागत नाही. एक शाखा विसरलात तर कंपायलर प्रोग्राम अडवितो. आणि परत आलेले फलित तसेच टाकून दिलेत तर निदान ताकीद देतो. निर्णय आपल्या अखत्यारीतला नसेल, तर एक प्रश्नचिन्ह लिहून ते अपयश बोलावणाऱ्याकडे रवाना करता येते, आणि ही रवानगी वाचणाऱ्याला उघड दिसते.

हा खटाटोप कंटाळवाणा आहे असा आक्षेप घेतला जातो, आणि त्यात तथ्य आहे. शिवाय ‘अनरॅप’ लिहून सारी सक्ती एका शब्दात झुगारता येते, हेही मी लपवीत नाही. टाइप आपल्याला प्रश्न विचारण्यास भाग पाडतो; उत्तर शोधण्याचा विवेक मात्र आपलाच. संख्या मावली नाही तर शेवटचा विश्वसनीय आकडा वापरावा, की गणित थांबवावे, की वरिष्ठ यंत्रणेला कळवावे, हा निर्णय कोणताही कंपायलर आपल्यासाठी घेणार नाही.

म्हणून माझी या परिषदेस आग्रहाची विनंती आहे की, आपल्या लायब्ररींच्या मसुद्यात प्रत्येक संभाव्य अपयशाला स्वतःचे नाव आणि कारण द्यावे, कोड तपासताना ‘अनरॅप’ जेथे आढळेल तेथे त्याचे समर्थन मागावे, आणि नवशिक्यांना यशाची शाखा शिकवतो त्याच दिवशी अपयशाचीही शिकवावी. आपण लिहिलेल्या आकड्यांवर विसंबून दुसऱ्यांची यंत्रे चालतात. त्या आकड्यांचा खरेखोटेपणा त्यांना कळू देणे हे आपले कर्तव्य आहे.