पोराला रडू द्या
(कल्याणच्या युवक शिबिरातलं भाषण)



मी मॅट्रिक झालेला गोदीतला हमाल. मानसशास्त्र शिकलो नाही. पण वस्तीत मयताला जातो, पोरांचे चेहरे बघतो.

२६ मे २०१६ ला डोंबिवली एमआयडीसीत प्रोबेसचा स्फोट झाला, बारा माणसं गेली. २३ मे २०२४ ला अमुदान फुटली. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ भरल्या लोकलमधून माणसं रुळांवर पडली. पंचनामे झाले. पण मागे राहिलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला कोण विचारतो? त्याला सांगतात, "रडू नको, आता घरातला पुरुष तूच." दहावी सुटते, पोरगं नाक्यावर उभं राहतं.

त्याच्याशी खरं बोला. 'देवाघरी गेला' नको, 'मेला' म्हणा. पोरगं चिडेल, हसेल, क्रिकेट खेळेल. म्हणून त्याला दुःख नाही असं समजू नका. 'मी भांडलो म्हणून बाप मेला' असंही त्याच्या पोटात असतं. ते बोलू द्या. शाळेत सोबत जा. वर्षानं तीच तारीख येईल, तेव्हा पुन्हा जा. मरायची भाषा केली तर एकटं सोडू नका. १४४१६ लावा, टेलि-मानस फुकट आहे.

राजरत्न गेला तेव्हा, १९२६ साली, बाबासाहेबांनी मित्राला पत्र लिहून दुःख उघडं केलं. मग आपल्या पोरांवर रडायची बंदी कुणी घातली?

आणि नुसते डोळे पुसून भागणार नाही. पोरगं विचारेल, बाप का मेला? 'नशीब' म्हणून त्याचं तोंड बंद करू नका. त्या प्रश्नात त्याच्या शेजारी उभे राहा.

जय भीम.