आधी घरात एक माणूस



आंबेगाव आणि जुन्नरमधून आलेली बरीच मुलं-मुली समोर दिसतायत, म्हणून आधीच सांगून टाकतो: मी मंचरचा, आजोळ जुन्नरचं. हे भाषण मी पुण्यात करतोय, मंचरमध्ये नाही. छापून येईल तेव्हा माझं नाव नसेल, असं संयोजकांशी ठरलंय. भित्रेपणा म्हणा हवं तर. पण आज मी ज्या विषयावर बोलणार आहे त्यात या भीतीचा हिशोब करावाच लागतो.

मी समलिंगी आहे. गेल्या रमजानमध्ये बाजीला सांगितलं. पुण्यातल्या एका मित्राला ते कळल्यावर तो म्हणाला, “सुटलास! आता अॅप घे, कुणाला तरी भेट.” त्याचं चुकलं नाही. वयाची पंचविशी आली तरी मी कुणाचा हात धरला नव्हता. आपल्यातली कॉलेजची मुलं सोळाव्या वर्षी जे करून मोकळी होतात, ती चिठ्ठी, तो रुसवा, ते बसस्टँडवर वाट बघणं, यातलं काहीच माझ्या वाट्याला आलं नव्हतं. मग घाई होणारच.

मी अॅप घेतलं. मंचरमध्ये उघडलं की सात-आठ प्रोफाइल दिसायचे, एकाचाही चेहरा नाही. कुणाचा फोटो शिवनेरीचा, कुणाचा नुसत्या बुलेटचा. खाली अंतर लिहिलेलं: चारशे मीटर. चारशे मीटरवर आमच्याकडे कोण राहतं हे मला घरागणिक माहीत आहे! अंतर लपवायची सोय अॅपमध्येच असते, ते मला उशिरा कळलं. तुम्ही पहिल्याच दिवशी लपवा.

तिसऱ्या आठवड्यात एकाने गोड बोलून फोटो मागितला. मी दिला. दुसऱ्या दिवशी माझ्या कॉन्टॅक्टमधली चार नावं लिहून आली, त्यात अब्बांचं नाव, आणि खाली ‘घरी पाठवू का?’ दोन हजार मागितले. मी दिले. संध्याकाळी आणखी पाच मागितले.

त्या रात्री मी बाजीला फोन केला. ती आधी रडली, मग चिडली, मग म्हणाली, “और एक रुपया भी नको देना.” आम्ही सगळे स्क्रीनशॉट काढून तिच्या फोनवर ठेवले आणि त्याला एकच ओळ लिहिली, की घरी माहीत आहे, पुढचा मेसेज पोलिसांना दाखवू. तो गप्प झाला. ‘घरी माहीत आहे’ हे पूर्ण खरं नव्हतं. घरात एकाच माणसाला माहीत होतं. पण तेवढं पुरलं.

म्हणून मला कुणी विचारलं की कम आऊट झाल्यावर डेटिंग कधी सुरू करायचं, तर मी महिने सांगत नाही. मी विचारतो, रात्री अकराला काही बिघडलं तर तू कुणाला फोन करशील? नाव आलं तर विचार कर. नाव येत नसेल तर आधी ते नाव शोध. ते घरातलंच असावं असं नाही. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला, तेव्हापासून आपल्या जिल्ह्यात या विषयावर मराठीत बोलता येतं. वाकडेवाडीला उतरलं की आपल्यासारखी माणसं सापडतात.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सज्ञान माणसांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून काढलं. नव्या भारतीय न्याय संहितेत तर ३७७ कलमच नाही. उलट धमकी देऊन पैसे उकळणं हा कलम ३०८ खाली गुन्हा आहे. म्हणजे घाबरायचं त्याने. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात कोर्टाने लग्नाचा हक्क दिला नाही. आपल्या नात्याला ना निकाहनामा, ना रजिस्टर. भांडण झालं तर समजूत घालायला दोन्हीकडचे मामू-चाचा येणार नाहीत. तेव्हा माणूस पारखून घ्यायला वेळ लागतो, तो लागू द्या.

दुसरी गोष्ट जास्त अवघड होती. मी अॅपवर बोलत होतो त्याच दिवसांत अम्मी माझ्यासाठी ओतूरची एक मुलगी बघत होती. मी तिला सांगितलं होतं, “अम्मी, मेरेकू शादी नको.” ती म्हणाली, “अब्बी नको तो नको, अगले साल देखेंगे.” आमच्या बोलीत ‘नको’ एवढा मऊ शब्द आहे की त्यातून नकार ऐकूच येत नाही! ‘समलिंगी’ म्हटलं तर तिला कळणार नाही, आणि तिला कळणारे जे शब्द आहेत ते सगळे शिवीचे. शेवटी बाजीला शेजारी बसवून, कुठलाही शब्द न वापरता सांगितलं: मला मुलींबद्दल तसं कधीच वाटलं नाही, मुलांबद्दल वाटतं, आणि ओतूरच्या मुलीला हो म्हटलं तर तिचं आयुष्य मी फसवून घेईन. अम्मी दोन दिवस जेवली नाही. पण रिश्ता थांबला. या चळवळीत आपण बायकांच्या हक्कांवर इतकं बोलतो. एका मुलीला आशेवर ठेवून मी दुसरीकडे कुणाला भेटायला गेलो असतो तर इथे कुठल्या तोंडाने उभा राहिलो असतो?

दीनाचं विचाराल, म्हणून सांगतो. बहुतेक उलेमा याला हराम मानतात, ते मी लपवत नाही. स्कॉट कुगल यांच्यासारखे मुसलमान अभ्यासक लूत यांच्या कौमचा किस्सा जबरदस्तीचा आणि पाहुण्यांवरच्या अत्याचाराचा म्हणून वाचतात. त्यांचं पुस्तक २०१० चं आहे. मी फतवा द्यायला आलेलो नाही. मी नमाज सोडलेली नाही, एवढंच.

सध्या मी एकाशी बोलतोय. नारायणगावचा आहे, त्याच्या घरी कुणालाच माहीत नाही. त्याला मी ‘घरी सांग’ म्हणत नाही. ते त्याचं त्याने ठरवायचं. पण भेटायचं ते पुण्यात, दिवसा, गर्दीच्या हॉटेलात, हे मी ठरवलं. तो महिनाभर नाही म्हणाला, मग तयार झाला. गेल्या रविवारी निघताना हॉटेलचं नाव बाजीला पाठवलं. मला वाटलं ती नाव विचारेल, जात-जमात विचारेल. तिचा उलटा मेसेज आला: “नोकरी है क्या उसकू?”

आहे, मी लिहिलं. मार्केट यार्डात टोमॅटोचा हिशोब लिहितो.

बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ.